अकरा दिवसांचा फरक आणि सोनेरी नक्षी

घरात जुन्या वस्तू आणण्याच्या मी कायम विरोधात असते. डेल्फ्टच्या निळ्या बश्या, पितळी मेणबत्तीदाण्या, कुणाच्या तरी पणजोबांचा पाइप. यातलं काहीही दिसलं की नवरा रेंगाळतो आणि मी त्याला पुढे ढकलते. त्यामुळे १७३८ सालचा, तळहाताएवढा, लाल कातड्यावर सोनेरी नक्षी असलेला डच व्यापाऱ्याचा आल्मनॅक (तारखा, सण आणि वेळापत्रकं असलेली वर्षाची छापील पुस्तिका) घरात आणला तो मी, हे त्याला अजून पचलेलं नाही. "नक्षीला भुललीस ना?" असं तो अधूनमधून विचारून घेतो.

नक्षीचं नंतर बोलू. मला भुलवलं ते मार्च महिन्याच्या पानानं.

मी अ‍ॅमस्टरडॅममध्ये एका कंपनीची ट्रेझरी सांभाळते. कुठल्या तारखेला, कुठल्या चलनात, किती पैसे येणार आणि किती जाणार, हे रोज सकाळी मांडायचं आणि संध्याकाळपर्यंत ते खरं ठरवायचं. या कामात रक्कम चुकली तर ती लगेच सापडते. तारीख चुकली तर व्याज लागेपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही. आणि इथे एका इवल्याशा पानावर दर ओळीत दोन-दोन तारखा छापलेल्या. एक ठळक, तिच्याशेजारी बारीक टाइपात दुसरी. १२ मार्च आणि १ मार्च एकाच ओळीत, एकाच बुधवारी.

पोप ग्रेगरी तेरावे यांनी १५८२ मध्ये दिनदर्शिका सुधारली, तेव्हा हॉलंड आणि झीलंड हे प्रांत प्रॉटेस्टंट असूनही लगेच नव्या तारखांवर आले. व्यापार अँटवर्पशी, आणि तिथे नवी पद्धत सुरू झालेली. धर्मापेक्षा हिशोब मोठा. पण उट्रेख्त, फ्रीसलँड, ख्रोनिंगन, गेल्डरलँड हे शेजारचे प्रांत हटून बसले ते थेट १७००-०१ पर्यंत. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं अ‍ॅमस्टरडॅमहून सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी उट्रेख्तला पोचायचा तो दहा दिवस आधीच्या तारखेला. याच गोंधळात इथले आल्मनॅक छापणारे तरबेज झाले असणार, असं मला वाटतं. एका देशात दोन तारखा सांभाळायची सवय लागली की परदेशाच्या तारखा सांभाळणं काय अवघड?

१७३८ पर्यंत देशातला घोळ मिटला होता, बाहेरचा नव्हता. इंग्लंड जुन्या तारखांवर होतं ते १७५२ पर्यंत, स्वीडन १७५३ पर्यंत. रशियाला तर घाईच नव्हती, आणि १७२१ च्या तहानंतर रीगा बंदर रशियाकडे गेलेलं. अ‍ॅमस्टरडॅमचा व्यापारी म्हणजे लंडनच्या हुंड्या आणि बाल्टिकचं धान्य. दोन्हीकडच्या पत्रांवर तारीख अकरा दिवस मागची.

आता हुंडीचं, म्हणजे ठरलेल्या मुदतीनंतर पैसे द्या अशा लेखी आदेशाचं गणित. मला यात भयंकर मजा आली, म्हणून सविस्तर लिहिते. कंटाळा आला तर नक्षीवर उडी मारा.

समजा लंडनच्या पेढीनं अ‍ॅमस्टरडॅमच्या पेढीवर ५०० पौंडांची हुंडी लिहिली. तारीख १ मार्च १७३७. पहिला खड्डा इथेच. इंग्लंडमध्ये कायद्यानं वर्ष बदलायचं २५ मार्चला, त्यामुळे त्यांचा मार्च १७३७ चा बराचसा भाग आपल्या हिशोबानं १७३८ मध्ये येतो. हुशार इंग्रज १७३७/८ असं दोन्ही लिहायचे; आळशी लिहायचे नाहीत. दुसरा खड्डा अकरा दिवसांचा: त्यांचा १ मार्च म्हणजे इथला १२ मार्च. लंडन-अ‍ॅमस्टरडॅम हुंडीची रूढ मुदत तारखेपासून एक महिना, म्हणजे १२ एप्रिल. आणि त्यावर सवलतीचे दिवस, म्हणजे मुदत संपल्यावर पैसे द्यायला मिळणारे जादा दिवस. हे प्रत्येक गावाचे वेगळे: लंडनला तीन, अ‍ॅमस्टरडॅमला सहा, पॅरिसला दहा, हॅम्बुर्गला बारा. हुंडी अ‍ॅमस्टरडॅमला फेडायची, तेव्हा सहा. झाली १८ एप्रिल. त्या दिवशी पैसे आले नाहीत तर नोटरीला गाठून प्रोटेस्ट, म्हणजे पैसे मिळाले नाहीत अशी अधिकृत तक्रार, नोंदवायचा, नाहीतर हुंडी लिहिणाऱ्यावरचा हक्क गमावण्याची वेळ.

एखाद्या नवख्या कारकुनानं हीच हुंडी 'मार्च १ म्हणजे मार्च १' अशी वाचली तर तो ७ एप्रिललाच वसुलीला दारात उभा. समोरचा हसून परत पाठवणार. हे झालं वसूल करणाऱ्याचं. ज्याला पैसे द्यायचे आहेत त्यानं अशी चूक केली तर त्याची रोकड अकरा दिवस आधीच अडकली. त्या काळी बँकेच्या पैशात एका पौंडाला ३५ स्खेलिंगच्या आसपास भाव असायचा, तोच धरू. एक स्खेलिंग म्हणजे ६ स्टायव्हर, २० स्टायव्हरचा एक गिल्डर. तेव्हा पौंडाला साडेदहा गिल्डर आणि ५०० पौंडांचे ५,२५० गिल्डर. वार्षिक ३ टक्के व्याज धरलं तरी अकरा दिवसांचे होतात ४ गिल्डर १५ स्टायव्हर. अ‍ॅमस्टरडॅमच्या मजुराची तेव्हाची रोजची कमाई एका गिल्डरच्या आसपास होती. म्हणजे एका हुंडीवर, एका चुकलेल्या रकान्यापायी, जवळजवळ पाच दिवसांची मजुरी.

हे सगळं त्या एका ओळीत आहे. १२ आणि १. बाकी काही नाही, स्पष्टीकरण नाही, कारण ज्याच्यासाठी छापलं त्याला गरजच नव्हती.

बरं, ते साडेदहा गिल्डरसुद्धा खिशातले नव्हेत. अ‍ॅमस्टरडॅमची विसलबँक, म्हणजे शहराची विनिमय बँक, १६०९ ची. सहाशे गिल्डर किंवा त्याहून मोठी हुंडी बँकेच्या खात्यातूनच फिरली पाहिजे असा शहराचा नियम, त्यामुळे प्रत्येक बऱ्या व्यापाऱ्याचं तिथे खातं. खात्यातला गिल्डर आणि बाजारात हातोहात फिरणारा झिजका गिल्डर यांच्या किमतीत फरक. खात्यातल्यावर चार-पाच टक्के जादा भाव चढलेला असायचा आणि तो रोज थोडा हलायचा. खतावणीत दोन रकाने ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि वर्षातून दोनदा, हिवाळ्यात नि उन्हाळ्यात, बँक स्वतःची पुस्तकं जुळवायला काही दिवस बंद. त्या दिवसांत खात्यातून काहीच हलणार नाही, म्हणजे व्यापाऱ्यानं आधीच सगळं बेतून ठेवायचं. माझ्या आल्मनॅकमध्ये मागच्या भागात बँकेच्या बंद दिवसांची दोन ओळींची नोंद आहे, आणि तिच्याशेजारी शाईनं एक जाड उभी रेघ. छापलेली नाही, मालकानं मारलेली. माझ्या टेबलावरच्या कॅलेंडरवर वर्षअखेरीच्या आठवड्याशेजारी अगदी तशीच रेघ असते.

हा मालक कोण ते कळायला मार्ग नाही. डच व्यापारी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ईस्ट इंडिया कंपनी येते, वेंगुर्ल्याची वखार येते, मिरी-लवंगा येतात. हा त्यातला दिसत नाही. महिन्याच्या प्रत्येक पानासमोर एक कोरं पान बांधलेलं आहे, तिथे त्याच्या हातच्या नोंदी आहेत: तपकिरी पडलेली शाई, घाईत काढलेली अक्षरं, मला फक्त आकडे आणि मोजके शब्द लागतात. रीगा. राय. लास्ट, हे धान्याच्या जहाजी मालाचं माप, साधारण दोन टनांचं. म्हणजे हा धान्यवाला. हॉलंडची जमीन इतकी ओली की पोटापुरतं धान्यही पुरेसं पिकेना; बाल्टिकची राय आणि गहू आले तर शहर जेवणार. मसाल्यांच्या लिलावांइतका या धंद्याचा गाजावाजा नाही, पण अ‍ॅमस्टरडॅमकर या धान्याच्या व्यापाराला सगळ्या व्यापारांची आई मानायचे. लोखंडी शाईनं दोन-तीन ठिकाणी कागद खाल्लाय, आणि नेमकं जिथे त्यानं बेरजेखाली दोनदा रेघ ओढली तिथेच आरपार भोक पडलंय. बेरीज गेली, रेघेचं भोक राहिलं.

आता नक्षी.

अ‍ॅमस्टरडॅममध्ये स्पाय चौकात शुक्रवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. तिथल्या एका म्हाताऱ्या विक्रेत्याकडून मी हा घेतला. मी आत बघत होते, तो मला सारखं बाहेर बघायला लावत होता. "अहो बाई, आतलं सगळं एकसारखंच असतं. पैसे कातड्याचे." त्याच्या धंद्याच्या दृष्टीनं त्याचं बरोबर होतं. कातडं बकऱ्याचं, कमावून लाल रंगवलेलं. त्यावर अंड्याच्या पांढऱ्याचा हात द्यायचा, वाळला की सोन्याचा वर्ख अंथरायचा आणि गरम पितळी ठसा दाबायचा. जिथे उष्णता लागेल तिथे पांढरं धरतं आणि सोनं चिकटतं. बाकीचा वर्ख फडक्यानं पुसून काढायचा. ठसा जरा जास्त तापला तर कातडं करपतं, कमी तापला तर सोनं सुटतं. माझ्या प्रतीवर मधे फुलदाणी, तिच्यातून निघालेल्या वेली, चार कोपऱ्यांत चार छोटे पक्षी. तीन पक्षी नीट उमटलेत. चौथ्याची चोच दोनदा उठलीय, कारागिराचा हात हलला असणार. मला तो चौथा पक्षीच जास्त आवडतो.

मागच्या पुठ्ठ्याची झडप पाकिटासारखी पुढे वळते. तिच्यावर आणि पुढच्या पुठ्ठ्यावर कातडी फासे आहेत. त्या फाशांतून धातूची बारीक सळई सरकवली की पुस्तक बंद. तीच सळई लिहायला. असल्या पुस्तकांत काही पानं चुना-सरसाचा लेप दिलेली असत. त्यावर सळईनं लिहायचं, ओल्या स्पंजानं पुसायचं, परत लिहायचं. भाव ऐकला, टिपला, कचेरीत जाऊन वहीत चढवला, पुसला. माझ्या प्रतीत लेपाची दोन पानं आहेत, राखाडी पडलेली. सळई मात्र हरवलेली, आणि पाठीचा सांधा वरून फाटलेला. विक्रेत्याच्या लेखी ही मोठीच खोट. "सळई चांदीची असती आणि जागेवर असती, तर तुम्हाला हे परवडलं नसतं," हेही त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. झाकणाच्या आत चिकटवलेला कागद सोनेरी, त्यावर हिरव्या-तांबड्या फुलांचे डाग. हा कागद इंग्लंडात डच म्हणून विकला जायचा. बनायचा जर्मनीत, आउग्सबुर्ग आणि न्यूरेंबर्गच्या बाजूला. डचांनी फक्त पुढे पाठवला. आणि त्यातलं सोनं म्हणजे तांब्या-जस्ताचा वर्ख. बाहेर खरं सोनं, आत नकली, व्यापाऱ्याला शोभेलसं.

या नक्षीबद्दल माझं एक मत बनलं आहे. संग्रहालयांच्या काचेमागे असले आल्मनॅक ठेवलेले असतात ते सगळे एकजात सुंदर. बघणाऱ्याला वाटतं, काय ही रसिकता, साधं वर्षाचं पुस्तकसुद्धा सोन्यात मढवायचे! पण आल्मनॅक दरवर्षी निघायचे आणि भरपूर खपायचे. बहुतेक सगळे साध्या कागदी आवरणातले. एक जानेवारी उजाडली की मागच्या वर्षाचा कागद रद्दी: कुणी त्यात लोणी गुंडाळलं, कुणी शेगडी पेटवली. राहिले ते ज्यांना टाकताना जीव हळहळला. त्यातही कितीतरी नव्या वर्षाची भेट म्हणून दिलेले, कपाटात जपलेले, न वापरलेले. म्हणजे काचेमागे आपण बघतो ती व्यापाऱ्याची आवड नव्हे, ती फेकून न देणाऱ्याची आवड. असले आल्मनॅक दाखवताना सोबत एक फाटका, डाग पडलेला, कागदी आवरणाचा ठेवायला हवा, आणि तो मोठ्या अक्षरांत लेबल लावून ठेवायला हवा. माझ्या प्रतीचं नशीब विचित्र: भेटीसारखी सजलेली आणि तरीही रगडून वापरलेली. पानांच्या उजव्या खालच्या कोपऱ्यांवर अंगठ्याचा काळा मळ बसलाय, तोही सगळ्यात जास्त मागच्या भागात, वेळापत्रकांच्या पानांवर.

वेळापत्रकं कशाची? ट्रेकस्खायटची. काठावरून घोडा चालणार, त्याच्या दोराला बांधलेली प्रवासी नाव कालव्यातून सरकणार. अ‍ॅमस्टरडॅम-हारलेम हा सरळ कालवा १६३२ मध्ये सुरू झाला. नावा ठरलेल्या तासाला घंटा वाजवून सुटायच्या, माणसं भरोत वा न भरोत, आणि सव्वादोन तासांच्या आसपास पोचवायच्या. मधे हाल्फवेखला सगळ्यांनी उतरायचं, सामान घेऊन बांध ओलांडायचा आणि पलीकडे उभ्या असलेल्या दुसऱ्या नावेत बसायचं, कारण तिथल्या बांधातून नाव पार जाऊ द्यायची नाही असं पाणी सांभाळणाऱ्या मंडळानं ठरवलेलं. हल्ली गाड्यांच्या कामामुळे मधेच उतरवून बसमध्ये घालतात तेव्हा डब्यात जी कुरकुर चालते, ती मी आता जरा इतिहास म्हणून ऐकते.

पुढच्या पानावर शहराचे दरवाजे बंद होण्याच्या वेळा. दिवस लहान-मोठा होईल तशी वेळ बदलणार, त्यामुळे वर्षभराचा तक्ता. बंदरातही तेच: पाण्यात रोवलेल्या खांबांच्या रांगेत जे मोकळे तोंड ठेवलेलं, तिथे रात्री आडवा ओंडका लावायचे आणि घंटा द्यायचे. घंटेनंतर आलात तर बाहेर. मग भरतीचा तक्ता, चंद्राच्या वाढत्या-घटत्या कलांशी जोडलेला, कारण भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त उशिरा येते; चंद्र माहीत असला की पाणी माहीत. अ‍ॅमस्टरडॅमच्या तोंडाशी पाम्पुसचा उथळ गाळ, भरलेली मोठी जहाजं तिथे पाण्याची वाट बघत खोळंबायची. मग टपाल: लंडनचं पत्र हॅरिचहून हेलेव्हूत्स्लायसला टपालबोटीनं आठवड्यातून दोनदा, वारा अनुकूल असेल तर. वाऱ्याचा रकाना अर्थातच नाही.

छपाई कशी आहे? वाईट. सणवार लाल शाईत, बाकी काळ्यात; म्हणजे प्रत्येक कागद छापखान्यातून दोनदा काढायचा आणि दोन्ही वेळा अचूक त्याच जागी बसवायचा. घाईच्या मालात ते कुठलं जमायला! एप्रिलच्या पानावर ईस्टरचा ६ आकडा ओठाबाहेर गेलेल्या लिपस्टिकसारखा रकान्याच्या रेघेवर चढलाय. गंमत म्हणजे कॅल्व्हिनपंथी देशात, जिथे चर्चमधले संतांचे पुतळे कधीच फोडून झाले होते, तिथे आल्मनॅकमध्ये संत मात्र शाबूत. काढणार कसे? शेतजमिनीचे खंड संत मार्टिनच्या दिवशी, ११ नोव्हेंबरला द्यायचे ठरलेले. करारात संताचं नाव लिहिलंय. संत मार्टिनवर श्रद्धा नसली तरी खंडावर होती. घरभाड्याचं वर्ष मात्र १ मेला बदलायचं आणि त्या दिवशी अर्धं शहर हातगाड्यांवर सामान लादून घरं बदलत असायचं.

ऑफिसातल्या एका डच सहकाऱ्याला मी हा दाखवला. तो म्हणाला, "माझ्या आजीकडे एन्कहायझनचा असायचा, न्हाणीघरात खिळ्याला टांगलेला." एन्कहायझनचा आल्मनॅक सोळाव्या शतकाच्या अखेरीपासूनचा, आजही दरवर्षी निघतो. मग त्यानं माझ्या हातून हा घेतला, मार्चचं पान उघडलं, आणि पहिला प्रश्न विचारला: "दोन तारखांतली व्हॅल्यू डेट कुठली?" म्हणजे पैसे कुठल्या तारखेपासून धरायचे. आमच्या विभागाचा माणूस आहे. मी त्याला अठरा एप्रिलचं सगळं गणित फळ्यावर मांडून दाखवलं, त्यानं सहा सवलतीच्या दिवसांत रविवार धरायचा की नाही यावर मला अडवलं, आणि धरायचा असतो हे पटवायला मला दुपारची मीटिंग पुढे ढकलावी लागली.

सांधा शिवून घ्यायचा की नाही हे अजून ठरत नाहीय. शिवला तर उघडताना भीती नाही, पण जुना दोरा काढावा लागेल. सध्या तो आम्लमुक्त कागदाच्या खोक्यात आडवा आहे, स्वयंपाकघरापासून लांब, रेडिएटरपासून आणखी लांब. या सूचना नवऱ्याला तोंडपाठ झाल्यात.

मला आता १७५३ चा हवाय. इंग्लंडनं सप्टेंबर १७५२ मध्ये अकरा तारखा गाळल्या, २ नंतर थेट १४. स्वीडननं १७५३ मध्ये १७ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्चवर उडी घेतली. तेव्हा १७५३ चा आल्मनॅक छापताना छापणाऱ्यानं तो बारीक टाइपातला रकाना उडवला, की रीगाच्या धान्यवाल्यांसाठी तसाच ठेवला, हे मला पानावर बघायचंय. बाइंडिंग नसलं तरी चालेल. नसलेलंच बरं, स्वस्त पडेल.